बिनदाराची खोली

मी इतिहास शिकवतो आणि गॅदरिंगला नाटकं बसवतो. भिंतींशी माझा आयुष्यभराचा संबंध एवढाच, की त्यांना टेकून मी बोलतो. तरीही मागच्या वर्षी दहावीच्या सोळा मुलांना 'बांधकाम' हा विषय मीच शिकवला आणि ऐन परीक्षेच्या दिवशी त्या मुलांनी मला चार भिंतींच्या आत बंद केलं. हे अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. भिंती विटांच्या होत्या, वीट भिजवलेली होती आणि आत मी होतो.

आमची शाळा विरारच्या पश्चिमेला, अर्नाळ्याच्या रस्त्यावर. तिथे नववी-दहावीला हिंदीच्या जागी बांधकाम घेता येतं. शिकवायला एक तरुण प्रशिक्षक होता, करारावर. मुलांचा फार लाडका. डिसेंबरात त्याला गुजरातमध्ये कुठल्याशा साइटवर पक्की नोकरी मिळाली आणि तो गेला. प्रात्यक्षिक परीक्षा फेब्रुवारीत. मुख्याध्यापिका बाईंनी मला ऑफिसात बोलावलं.

"सर, तुम्ही दर वर्षी मुलांना वसईचा किल्ला दाखवायला नेता ना?"

नेतो, म्हटलं.

"तिथल्या एकेका भिंतीपुढे दीड दीड तास बोलता म्हणे."

मी खुललो. वेळ पडली तर दोन तासही बोलतो, असं सांगून मोकळा झालो. माणसाने कधी थांबावं हे मला पन्नाशी उलटली तरी कळत नाही.

"म्हणजे भिंती तुम्हाला कळतात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी अवजारांच्या खोलीची किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

पुढचे दोन महिने मी त्या विषयात कोंडलेलाच होतो. रात्री पुस्तकातलं एक पान वाचायचं, सकाळी ते सोळा जणांपुढे अशा थाटात सांगायचं की जणू आमच्या घराण्यात सात पिढ्या गवंडीच होऊन गेले. मुलांना माझ्यापेक्षा जास्त येत होतं. त्यांना ते माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तास सुरू झाला की मला ते शेडचं पत्र्याचं छप्पर रोज एक वीत खाली आल्यासारखं वाटे. बाईंना म्हटलं, हे काही मला जमत नाही. त्या म्हणाल्या, मग कुणाला जमतं ते नाव सांगा. सगळ्या शाळेत असं नाव नव्हतं. पीटीचे सर तर त्या दिवसापासून मला बघून रस्ता बदलायला लागले.

या सोळा जणांत अर्नाळ्याची एक मुलगी होती. वडिलांची होडी, आई मासळी सुकवणारी. विटांची ओळ सरळ राहावी म्हणून लाईनदोरी बांधताना ती जाळ्याची गाठ मारायची. ती गाठ सुटायची नाही आणि दोरी सैलही पडायची नाही. प्रशिक्षक गेल्यावर वर्गाने तिला न विचारता मुकादम करून टाकलं होतं. तिला पुढे सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता. घरून परवानगी होती, पण एका अटीवर: दहावी एका फटक्यात सुटली पाहिजे. एकही विषय राहिला तर शाळा बंद, घरी बसायचं. हे तिने मला वाळू चाळता चाळता सांगितलं, अगदी सहज.

"पन सर, तुमच्यामुळं विषय राहिला तर मी आमच्या घरी नाय बसनार. तुमच्या घरी येऊन बसेन. फुलपाड्याला ना तुम्ही? कितवा माळा?"

चौथा, म्हटलं, आणि लिफ्ट बंद आहे.

"चढेन," ती म्हणाली.

लेखी परीक्षेपेक्षा प्रात्यक्षिकाला वजन जास्त. प्रात्यक्षिक म्हणजे शेडखाली सहा फूट बाय सहा फुटांची एक चौकोनी खोली बांधायची, छातीइतक्या उंचीची. भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे चार इंची. चार गट, प्रत्येकाकडे एक कोपरा. आपापल्या कोपऱ्यापासून बांधत यायचं आणि मधे शेजारच्या गटाला भेटायचं. बाहेरून परीक्षक येणार आणि भिंत ओळंब्यात म्हणजे उभी सरळ आहे का, कोपरा काटकोनात आहे का, सांधे मोडलेत का, म्हणजे एकाखाली एक तर आले नाहीत ना, हे तपासणार. परीक्षा संपली की भिंत उतरवायची, विटा घासून ठेवायच्या, कारण पुढच्या वर्षीच्या मुलांना त्याच विटा. म्हणून माल मुद्दाम कच्चा कालवलेला असतो, वाळू आणि थोडा चुना. अशी भिंत दिसायला भिंत असते, पण तिला टेकायचं नसतं. गेलेल्या प्रशिक्षकाने वहीत तसं लिहूनच ठेवलं होतं: टेकू नये. खाली दोन रेघा.

आता दाराचं सांगतो. आपल्याकडे बांधकामात चौकट आधी उभी करतात आणि भिंत मागून येऊन तिला मिळते. चौकट उभी राहिली की दार विसरायची सोयच राहत नाही. पण बाईंनी ठरवलं होतं की चौकट संस्थेच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांच्या हस्ते बसवायची, नारळ वाढवून, तोरण बांधून. विश्वस्तांना सवड मार्चमध्ये, म्हणून भिंतही तोवर उभी ठेवायची. तोवर चौकट सुताराकडेच राहिली आणि आम्हाला सांगण्यात आलं की तेवढी जागा मोकळी सोडा. मी जमिनीवर पांढऱ्या फक्कीने दोन रेघा मारून ती जागा दाखवली, दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाच्या मधे. उंबरठ्याखालचा पहिला थर सलग फिरतो, तो आदल्या दिवशी घालून झाला. मग मी मोठ्या गंभीर आवाजात हुकूम सोडला, की बांधकामाला पाणी भरपूर मारलं पाहिजे. त्या दोन महिन्यांत माझ्या तोंडून खात्रीने निघालेलं हे एकमेव वाक्य. मुलांनी बादल्याच्या बादल्या ओतल्या. फक्की वाहून गेली.

परीक्षक बाराला येणार होते. आम्ही सकाळी सातला लागलो. मी पहिला थर ओलांडून खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. आतल्या बाजूचा ओळंबा मी बघतो, असं जाहीर केलं. खरं कारण वेगळं होतं. त्या जागेवरून चारही बाजूंना मुलांचे चेहरे दिसत. असा रंगमंच मला पंचवीस वर्षांच्या गॅदरिंगमध्ये मिळाला नव्हता.

समोर भिंती उठत आहेत, ऐकणारे सोळा, आणि कुणालाही जागा सोडून जाता येत नाही. मी किल्ल्याचा वेढा सुरू केला. बाहेरचे मराठे मीच, आतला पोर्तुगीज कप्तानही मीच. मराठ्यांसाठी पूर्वेकडे तोंड करायचो, कप्तानासाठी पश्चिमेकडे. कप्तानाला मी थोडा भित्रा केला होता, टोपी सारखी सावरणारा, त्यावर हशा येत होता. हशा आला की थर भराभर चढत होते. विटा, माल, थापी, विटा, माल, थापी. अधूनमधून मी ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटायचा आणि "छान" म्हणायचं. सुरुंग फुटला तेव्हा भिंत गुडघ्याला होती. तटाला खिंडार पडलं तेव्हा कमरेला. किल्ला पडला, पांढरं निशाण चढलं, आणि आमची भिंत माझ्या छातीपर्यंत आली.

घसा कोरडा पडला होता. एका मुलाने भिंतीवरून पाण्याचा पेला दिला. पाणी प्यालो, पेला परत केला, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हटलं, "चला, आता बाहेरून बघू या."

वळलो, तर समोर भिंत. उजवीकडे वळलो, भिंत. चष्मा हरवलेला माणूस जसा स्वतःभोवती फिरतो तसा मी एक पूर्ण फेरी फिरलो. थाप्या थांबल्या होत्या. दुसऱ्या गटाने तिसऱ्या गटाकडे बघितलं.

"दार तुमच्याकडे होतं ना?"

"आमच्याकडे कुठे? तुम्ही येऊन भिडलात म्हणून आम्ही पण भिडलो."

दोन्ही गट दुसऱ्यापेक्षा आधी मधे पोचायच्या नादात होते आणि बरोब्बर दाराच्या जागी त्यांनी एकमेकांना गाठलं होतं. सांधा इतका सुरेख जुळला होता की कुठे भेटले तेही ओळखू येत नव्हतं.

अर्नाळ्याची मुलगी थापी हातात धरून आली, भिंतीवरून तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "सर, तुम्ही मधी कशाला बोलत होता?"

मी चढून बाहेर यावं म्हणून भिंतीच्या माथ्यावर हात ठेवला. वरची वीट हलत्या दातासारखी हलली.

"हात काढा सर."

हात काढला. शिपाईमामांनी एक बाक आणि एक स्टूल आणलं. स्टूल आत दिलं, बाक बाहेर लावला. म्हणजे स्टुलावर उभं राहायचं आणि छातीइतक्या भिंतीवरून, तिला स्पर्श न करता, एक पाय पलीकडच्या बाकावर टाकायचा. माझं वजन ब्याण्णव किलो आहे आणि माझ्या गुडघ्यांनी त्याआधीच्या पावसाळ्यातच काम सोडलं होतं. मुलांनी मला बघितलं, स्टूल बघितलं आणि आपापल्या कोपऱ्यासमोर अशी उभी राहिली, जशी माणसं दहीहंडीखाली उभी राहतात. मी तोल जाऊन ज्या कोपऱ्यावर पडेन त्या कोपऱ्याची चार मुलं नापास, आणि चार इंची कच्च्या भिंतीचा एक कोपरा गेला की बाकीचे तीन त्याच्या मागून येणार, एवढं बांधकाम तोवर मलाही कळायला लागलं होतं.

आणि तेवढ्यात फाटकातून परीक्षकांची स्कूटर आत आली. पाऊण तास आधी.

मुलीने स्कूटरकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "सर, खाली बसा. ते मोजतील, गुन देतील, चहाला ऑफिसात जातील. मग तुम्हाला काढतो."

वास्तविक मी उभं राहून सगळं सांगायला हवं होतं. मी शिक्षक आहे. पण मी स्टूल आडवं केलं आणि खाली बसलो.

खाली बसल्यावर ती खोली एकदम खोल झाली. वर पत्रा, चारी बाजूंना ओल्या विटा, चुन्याचा वास, आणि फेब्रुवारीतल्या उन्हाची ऊब पत्र्यातून उतरणारी. हवा हलत नव्हती. सकाळी सहापासून मी दोन कप चहा आणि तो एक पेला पाणी पोटात घेऊन उभा होतो, त्याची आता मला आठवण व्हायला लागली. माणूस बंद झाला की शरीराला सगळ्या गोष्टी एकदम आठवतात. पाठीला भिंत लागू नये म्हणून मी गुडघे पोटाशी घेतले. मी त्या पोर्तुगीज कप्तानाची सकाळभर नक्कल करत होतो. मनातल्या मनात त्याची माफी मागितली. टोपी सावरण्यात हसण्यासारखं काही नव्हतं. हातांना काहीतरी करायला लागतं. मी स्वतः तेव्हा ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत होतो आणि सोडत होतो.

मला त्या वेळी खरी भीती हसं होण्याची नव्हती, हसं करून घेणं हा माझा धंदाच आहे. भीती ही होती की मी नुसता शिंकलो तरी एक मुलगी घरी बसेल.

परीक्षकांचा आवाज ऐकू आला. वसईकडच्या वाडीतले वयस्क गृहस्थ, अर्ध्या तालुक्यातल्या चर्चांची आणि शाळांची कंपाउंडं त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिलेली. आवाज मऊ, बोलणं हळू. त्यांचा ओळंबा भिंतीला टक टक लागत एकेक कोपरा पुढे सरकत होता आणि मी आतून तो आवाज मोजत होतो.

"काटकोन कसा काढलात?"

"तीन-चार-पाच सर. दोरीवर." मुलीचा आवाज.

"सांधे चांगले मोडलेत. कुणी शिकवलं?"

"आधीच्या सरांनी," ती म्हणाली. मला राग आला नाही. बघून घेईन, असं मनात म्हटलं, पण राग आला नाही.

परीक्षकांनी एक फेरी पूर्ण केली. मग दुसरी सुरू केली. ही फेरी ओळंब्याशिवाय होती, नुसती चपलांची. चपला चारही बाजूंनी फिरल्या आणि जिथे दार असायला हवं होतं तिथे थांबल्या.

"आत कुठून जायचं?"

मग भिंतीवर एक पांढरं डोकं आलं, त्याखाली चष्मा आला, आणि तो चष्मा माझ्यावर स्थिरावला. मी बसल्या बसल्या हात जोडले.

"नमस्कार. मी यांचा शिक्षक."

मग ते मुलांकडे वळून अतिशय शांतपणे म्हणाले, "बिनदाराची खोली मी आतापर्यंत फक्त आमच्या चर्चच्या सिमेट्रीत बघितली. पण तिथे आतला माणूस नमस्कार करत नाही."

कुणी हसलं नाही. फार मेहनतीने हसलं नाही. मुलगीच पुढे आली.

"सर, मोजून झालं ना? आता गुन लिहून टाका. मग आम्ही सरांना काढतो."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "उलटं करा. आधी सरांना काढा, भिंत न पाडता. मग मी लिहितो."

मला वाटलं, संपलं. मुलीने मात्र वेळ घालवला नाही. दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत दोरी सोडून तिने दाराची रुंदी आखली. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला समोरासमोर उभं केलं, बाकीच्या दोन गटांना आपापला कोपरा दोन्ही हातांनी, न ढकलता, नुसता धरून ठेवायला सांगितला. एक फळी भिंतीवरून आत आली.

"सर, ही आतून लावून धरा. भिंत आत येता कामा नये. आनि बोलू नका. तुम्ही बोललात की सगळी बघत राहतात."

मी फळी धरली आणि अर्धा तास गप्प बसलो. माझ्या बायकोचा यावर आजही विश्वास नाही.

ती वरून एकेक थर उतरवत गेली. सांध्यात थापी सरकवायची, वीट डुलवायची, उचलायची, मागे द्यायची. कडेला एका थरात पूर्ण वीट येई, खालच्या थरात अर्धी बाहेर डोकावे, ती काढून तिच्या जागी तोडलेली अर्धी वीट बसवायची, म्हणजे कड सरळ. नवव्या की दहाव्या थराला तिसऱ्या गटाच्या बाजूने बारीक कर्र असा आवाज आला. माझ्या डोळ्यांसमोर सांधा उघडला, बोट जाईल एवढा. माझ्या फळीवर भार आला. हा भार विटांचा नव्हता, एका मुलीच्या सगळ्या पुढच्या वर्षांचा होता असं मी गॅदरिंगमध्ये म्हटलं असतं. तेव्हा मी काही म्हटलं नाही. फळी दोन्ही हातांनी दाबून धरली, तेवढंच.

"कोनी हलू नका," ती म्हणाली. विटेचा एक पातळ तुकडा तिने सांध्यात सरकवला, तळहाताने दाबून धरला आणि वाट बघितली. आम्ही सगळेच वाट बघत राहिलो. सांधा होता तिथेच थांबला. मग ती पुढच्या विटेकडे गेली.

खाली तीन थर उरले तेव्हा तिने मला मान हलवून परवानगी दिली. दार दीड फुटाचं. मी अंग तिरकं केलं. "पोट," परीक्षक बाहेरून म्हणाले. मी पोट आत घेतलं, श्वास घेतला नाही, आणि बाहेर आलो. भिंत उभी होती. परीक्षकांशी हात न मिळवता मी तडक कुठे गेलो ते सांगत नाही.

परत आलो तेव्हा ते बाकावर कागद मांडून बसले होते. मुलगी बादलीत अवजारं धूत होती, आमच्याकडे पाठ करून, पण एकच थापी तिसऱ्यांदा धूत होती.

ते म्हणाले, "भिंत उत्तम आहे, दार काढलं तेही उत्तम. पण नकाशातलं दार सोडलं नाही, ही मोठी चूक. ती मुलांची असेल तर सगळ्यांचे गुण कापावे लागतील, आणि दाराच्या बाजूच्या दोन गटांतले काही पासाच्या खाली जातील." मुलगी तिसऱ्या गटात होती. "चूक सांगणाऱ्याची असेल तर मुलांचं काही जात नाही. मग शेऱ्यात तसं तुम्ही लिहून सही करायची. कागद शाळेकडे येईल, तुमच्या फाइलला लागेल. कुणाची चूक?"

माझ्याकडे अतिशय उत्तम गोष्ट तयार होती. तीत सुतार होता, सवड नसलेले विश्वस्त होते, वाहून गेलेली फक्की होती. मी ती सांगितली, रंगवून. त्यांनी पूर्ण ऐकली.

"बरं. आणि भिंत भिडली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"आत."

"काय करत होता?"

मी पेन घेतलं. लिहिलं: 'दाराची जागा सोडून घेणे ही माझी जबाबदारी होती. भिंत बंद होत असताना मी गोष्ट सांगत होतो. विद्यार्थ्यांचा दोष नाही.' खाली सही केली. पंचवीस वर्षांत माझ्या हातून उतरलेला हा सगळ्यात छोटा मजकूर असेल.

त्यांनी तो दोनदा वाचला आणि मग सोळा नावांपुढे आकडे लिहायला घेतले. बादलीतला आवाज थांबला.

बाईंनी कागद दुसऱ्या दिवशी वाचला. खरं सांगतो, माझ्या मनात एक लबाड आशा होती की इतक्या मोठ्या नामुष्कीनंतर तरी हा विषय माझ्याकडून काढून घेतील. मी मान खाली घालून उभा राहिलो, पश्चात्तापाचा माझा चेहरा बरा जमतो.

"हे सगळं खरं आहे?"

शब्दन् शब्द, म्हटलं.

"कच्च्या भिंतीत दार कसं काढतात ते तुम्ही स्वतः आतून बघितलं?"

बघितलं, म्हटलं. आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा हो म्हणायला नको होतं. त्यांनी वेळापत्रकाचा कागद पुढे ओढला होता.

जूनपर्यंत सोळाही मुलं सगळ्या विषयांत पास होऊन शाळेतून बाहेर पडली. अर्नाळ्याची मुलगी डिप्लोमाला आहे, सिव्हिलला. बांधकामाचे तास बुधवारी आणि शनिवारी असतात, अजून माझ्याकडेच.